ऑफर लिहिण्यापूर्वीचा हिशेब

न्यू जर्सीत हिवाळा सरला की आपल्या मंडळींच्या पॉटलकमध्ये घराचा विषय निघतोच. कोणी एडिसनला घरं पाहत असतं, कोणी साउथ ब्रन्सविकला, कोणी शाळांसाठी वेस्ट विंडसरकडे. आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारला जातो, "लिस्टिंगपेक्षा किती वर गेलात?" जणू ऑफर म्हणजे एक आकडा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला घर. किंमत महत्त्वाची आहेच, पण अटी, मुदती आणि हाताशी लागणारी रोकड यांचा हिशेब तितकाच मोठा असतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. या अंकात तो मांडायचा आमचा विचार आहे. आम्ही पेशाने इंजिनियर, वकील नव्हे; तेव्हा हे वाचून झालं तरी वकील लावायचाच आहे. शिवाय खालचे नियम बरेचसे न्यू जर्सीचे आहेत. इतर राज्यांतल्या वाचकांनी आपापल्याकडची पद्धत विचारून घ्यावी.

पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्यांच्या डोक्यात एक क्रम पक्का असतो: विसार द्या, साठेखत करा, मुद्रांक शुल्क भरा, खरेदीखत नोंदवा. इथली गाडीही साधारण त्याच रुळांवरून जाते, पण मधे एक स्टेशन असं आहे की जे आपल्याकडे नाही. ते म्हणजे अटर्नी रिव्ह्यू. एजंटने तयार केलेल्या घराच्या करारावर दोघांच्या सह्या झाल्या की दोन्ही बाजूंच्या वकिलांना कामाचे तीन दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत कोणाचाही वकील करार नापसंत करून मोडू शकतो. ही तरतूद १९८३ पासून आहे, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आलेली. प्रत्यक्षात वकिलांची पत्रं इकडून तिकडे जात राहतात आणि तीन दिवसांचा आठवडा-दीड आठवडा होतो. तेवढ्यात विकणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगली ऑफर आली तर तो हात काढून घेऊ शकतो. तेव्हा रिव्ह्यू संपेपर्यंत पेढे नकोत, आणि "आई, घर झालं" असा फोनही नको. हीच सोय आपल्यालाही आहे, हे मात्र बरेच जण विसरतात. घाईत ऑफर दिली आणि रात्री झोप लागली नाही, तर बाहेर पडायचा सर्वांत स्वस्त दरवाजा हाच.

मुद्रांक शुल्काची सवय असलेल्यांना एक सुखद बातमी अशी की इथली ट्रान्सफर फी विकणारा भरतो. दहा लाख डॉलरच्या वरच्या घरांवर जो एक टक्का 'मॅन्शन टॅक्स' घेणाऱ्याला पडायचा, तोही १० जुलै २०२५ पासून विकणाऱ्याकडे गेला आणि वरच्या किमतींना त्याचा दर वाढला. पण या आनंदात बाकीचे खर्च डोळ्यांआड होऊ देऊ नयेत.

आता आकड्यांकडे येऊ. हिशेबासाठी ६,२०,००० डॉलरचं घर धरू, वीस टक्के डाउन पेमेंट, तीस वर्षांचं कर्ज, व्याज साडेसहा टक्के. व्याजदर रोज हलतो. आपल्याला दर आठवड्याला ताजा आकडा घालून पुन्हा गणित करता आलं म्हणजे झालं. डाउन पेमेंट १,२४,००० आणि कर्ज ४,९६,०००. बहुतेक घरांत जमाखर्च इथेच थांबतो. "सव्वा लाख जमलेत, चला!"

थांबा. वकील दोन हजारांच्या आसपास. घराची तपासणी, तीत वाळवी, रेडॉन आणि तेलाची टाकी धरली तर हजार-बाराशे. बँकेचा अप्रेझर सातशे. टायटलचा शोध आणि टायटल इन्शुरन्स मिळून साडेतीन हजार धरा. जागेचा सर्व्हे हजार, बँकेची फी पंधराशे, नोंदणीचे दोन-तीनशे. झाले दहा हजार. याखेरीज आगाऊ भरायचे पैसे वेगळे: घराचा वर्षाचा विमा अठराशे, प्रॉपर्टी टॅक्ससाठी एस्क्रोत ठेवायचे तीन-चार महिन्यांचे चार हजार, आणि क्लोजिंगच्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंतचं व्याज, म्हणजे पंधरा दिवसांचे सव्वातेराशे. एकूण सतरा हजारांच्या घरात गेलो. गावोगाव आणि बँकेगणिक हे आकडे कमीजास्त होतील, पण किमतीच्या दोन ते पाच टक्के ही मर्यादा धरून चालावं. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला भरायचा असतो. विकणाऱ्याने तिमाहीचा टॅक्स आधीच भरला असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे क्लोजिंगच्या टेबलावर आपण त्याला परत द्यायचे. हाही हजार-दोन हजारांचा मामला होतो.

मग एजंटची फी. पूर्वी ती विकणाऱ्याच्या खिशातून जायची आणि घेणाऱ्याला वाटायचं की आपला एजंट फुकट आहे. १७ ऑगस्ट २०२४ पासून रिअल्टर मंडळींची पद्धत बदलली. आता घर दाखवायला नेण्यापूर्वी एजंट आपल्याकडून लेखी करार घेतो, आणि त्यात त्याची फी किती हे स्पष्ट लिहिलेलं असतं. ही फी कायद्याने ठरलेली नाही, घासाघीस करता येते, आणि आपल्या माणसांना घासाघीस शिकवायला नको. ऑफरमध्ये "ही फी विकणाऱ्याने द्यावी" अशी मागणी करता येते. पण दहा ऑफर आलेल्या घरावर तशी मागणी आपली ऑफर कमजोर करते. अडीच टक्के ठरले असतील आणि विकणाऱ्याने नाही म्हटलं, तर आपल्या उदाहरणात १५,५०० डॉलर आपल्याला मोजावे लागतात. सव्वा लाखाचे असे दीड लाखाच्या वर होतात. त्यामुळे एजंटच्या करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. मुदत किती, आणि आपण स्वतः शोधलेल्या घरावरही त्याची फी लागू आहे का, एवढं तरी पाहावं.

एकाच घराला आठ-दहा ऑफर आल्या म्हणजे एजंट हळूच सुचवतो, "थोडं स्ट्राँग करू या." स्ट्राँग म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे आपलं एकेक संरक्षण काढून विकणाऱ्याच्या हातात देणं असतं.

त्यातल्या त्यात साधा प्रकार एस्कलेशन क्लॉजचा. "आमचे सहा लाख, कोणी जास्त दिले तर त्याच्यावर तीन हजार, पण ६,३०,००० च्या पुढे नाही." ऐकायला चतुर वाटतं, पण आपली कमाल मर्यादा किती हे आपण आपल्याच हस्ताक्षरात कळवलेलं असतं. आमचं मत विचाराल तर पूर्ण विचार करून एकच आकडा द्यावा, आणि तो असा असावा की पाच हजारांनी घर हुकलं तरी हळहळ वाटू नये.

दुसरा प्रकार अप्रेझलचा, आणि इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. समजा करार ६,२०,००० चा झाला आणि अप्रेझरने घराची किंमत सहा लाखच ठरवली. किंमत आणि अप्रेझल यांत जे कमी असेल त्यावर बँक कर्ज मोजते. वीस टक्क्यांचाच हिशेब ठेवायचा तर कर्ज ४,८०,००० मिळतं आणि आपल्याला १,४०,००० उभे करावे लागतात, म्हणजे ठरल्यापेक्षा सोळा हजार जास्त. दुसरा मार्ग असा की ४,९६,००० चं कर्ज तसंच घ्यायचं, पण मग ते अप्रेझलच्या ऐंशी टक्क्यांच्या वर जातं आणि पीएमआय, म्हणजे बँकेच्या सुरक्षेसाठी आपण भरायचा विमा, मागे लागतो. हा पीएमआय जन्मभराचा नसतो. १९९८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे कर्ज मूळ किमतीच्या ऐंशी टक्क्यांवर आलं की तो बंद करण्याची लेखी मागणी करता येते, आणि हप्ते वेळेवर असतील तर वेळापत्रकाप्रमाणे अठ्ठ्याहत्तर टक्क्यांना तो आपोआप थांबतो. ऑफरमध्ये "अप्रेझल कमी आलं तरी वीस हजारांपर्यंतचा फरक आम्ही भरू" असं लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण ते वीस हजार वर सांगितलेल्या खर्चांच्या व्यतिरिक्त बँकेत असले पाहिजेत.

तपासणीच्या अटीबद्दल आम्ही थोडे कडक आहोत. तपासणी पूर्ण सोडून ऑफर देणारी मंडळी आहेत, आणि कधीकधी त्यांना घर मिळतंही. पण न्यू जर्सीतल्या जुन्या घरांच्या अंगणात एक गोष्ट दडलेली असू शकते: जमिनीत पुरलेली तेलाची टाकी. पूर्वी घर तापवायला तेल वापरत. पुढे गॅस आला, टाकी तिथेच राहिली आणि गंजली. तेल मातीत झिरपलं असेल तर साफसफाईचा खर्च हजारांवरून दहा-हजारांवर जायला वेळ लागत नाही, आणि घराचा नेहमीचा विमा तो सहसा देत नाही. ही टाकी शोधायला काही शे डॉलर लागतात. रेडॉनचंही तसंच. हवेत त्याचं प्रमाण ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त निघालं तर उपाय करावा असं इथल्या पर्यावरण खात्याचं सांगणं आहे, आणि तो उपाय फार महाग नसतो. पण मोजल्याशिवाय कळत नाही. मधला मार्ग असा आहे: तपासणी ठेवायची, पण करारात लिहायचं की किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही, फक्त पाया, छत, वाळवी आणि पर्यावरण यांतले मोठे दोष निघाले तरच बोलू. विकणाऱ्यालाही हे रुचतं, कारण त्याची खरी भीती असते ती गळक्या नळांच्या चाळीस कलमी यादीची.

पुराचं विचारायला विसरू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या वेळी मॅनव्हिल, बाउंड ब्रुक भागात काय झालं हे बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला घराच्या स्थितीबद्दल जो फॉर्म भरून द्यावा लागतो, त्यात पुरासंबंधीचे प्रश्न आहेत. तो फॉर्म ऑफरच्या आधी मागून घ्यावा. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो; नेहमीच्या पॉलिसीत पूर येत नाही. आपल्याकडे पूर्वाभिमुख दार आधी पाहतात. पाहावं, आमची हरकत नाही. पण मग तळघरात उतरून सम्प पंप चालतो का, आणि भिंतींवर पाण्याची रेघ आहे का, तेही पाहावं.

कर्जाची अट म्हणजे मॉर्गेज कन्टिन्जन्सी शक्यतो सोडू नये. ठरलेल्या तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर या अटीमुळे आपला विसार परत मिळतो. ती सोडली तर पाच-दहा टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात तीस ते साठ हजार डॉलर, टांगणीला लागतात. एच-१बीवरच्या कुटुंबांनी याचा विशेष विचार करावा. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांची सवलत मिळते, आणि क्लोजिंगच्या अगदी तोंडावर बँक पुन्हा एकदा कंपनीत फोन करून नोकरी आहे ना हे विचारते. कमी डाउन पेमेंटचं एफएचए कर्जही २५ मे २०२५ पासून एच-१बीवाल्यांना मिळत नाही; त्यांना नेहमीचं कन्व्हेन्शनल कर्जच पाहावं लागतं. म्हणून आमचा आग्रह असा की सगळे पैसे डाउन पेमेंटमध्ये ओतू नयेत. वीस टक्क्यांऐवजी पंधरा टक्के भरून थोडा पीएमआय सोसला आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत राहिला, तर ते जास्त बरं.

काही जण ऑफरसोबत विकणाऱ्याला भावनिक पत्र लिहितात, वर कुटुंबाचा फोटो, मागे गणपतीची आरास. हेतू चांगला असतो. पण धर्म, वंश किंवा मूळ देश पाहून घर देणं-न देणं १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याला मान्य नाही, आणि त्यामुळे पुष्कळ एजंट अशी पत्रं पुढे पाठवतच नाहीत. त्याऐवजी विकणाऱ्याला कोणती तारीख सोयीची आहे ते एजंटकरवी विचारा. त्याला मुलांची शाळा संपेपर्यंत तिथेच राहायचं असेल आणि तुम्ही थांबायला तयार असाल, तर ती सवलत पाच हजारांपेक्षा जास्त मोलाची ठरू शकते.

आता पैसा येणार कुठून, याबद्दल थोडं. बँक साधारण शेवटच्या दोन महिन्यांची स्टेटमेंट्स मागते, आणि त्यात मधेच मोठी रक्कम आली असेल तर तिचा उगम विचारते. आई-वडिलांनी मदत केली असेल तर ती परत करायची नाही असं लिहिलेलं गिफ्ट लेटर लागतं. भारतातल्या रहिवाशाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण त्याला कागदपत्रं आणि वेळ लागतो. ऑफर मान्य झाल्यावर धावाधाव सुरू करण्यात अर्थ नाही. वर्षभरात परदेशातून एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट आली तर इथे फॉर्म ३५२० भरायचा. त्यावर कर नाही, पण फॉर्म न भरल्याचा दंड जबर आहे.

आपल्या समाजात हल्ली आणखी एक प्रसंग येतो: विकणारा भारतात कायमचा परतलेला असतो. करांच्या दृष्टीने तो परदेशी ठरत असेल, तर किमतीतला काही भाग कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर असते. नेहमीचा दर पंधरा टक्के. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या, तीन ते दहा लाख डॉलरच्या दरम्यानच्या घराला दहा टक्के. आपल्या उदाहरणात ६२,००० झाले. विकणारा कितीही ओळखीचा, अगदी आपल्या गल्लीतला असला, तरी हा प्रश्न वकिलाला पहिल्याच दिवशी विचारावा.

महिन्याचा हिशेब तसा सरळ आहे. ४,९६,००० चा हप्ता ३,१३५ डॉलर. पहिल्या महिन्यात त्यातले २,६८७ व्याजात जातात आणि कर्ज फिटतं ४४८ चं. प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला बारा हजार आणि विमा दीडशे महिना धरला की ४,२८५ होतात. टाउनहाउस असेल तर असोसिएशनची फी वेगळी. बारा हजार वाचून बाहेरच्या राज्यातले वाचक दचकतील, पण न्यू जर्सीत २०२४ सालचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्सच दहा हजारांच्या वर होता. नवं बांधकाम घेत असाल तर लिस्टिंगमधला टॅक्स बारकाईने पाहा. कधीकधी तो नुसत्या जमिनीचा असतो, आणि पूर्ण घराचं वाढीव बिल नंतर येतं.

"व्याज सगळं टॅक्समधून सुटतं" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. जोडप्याला २०२५ सालासाठी ३१,५०० डॉलरची स्टँडर्ड वजावट काही न करताच मिळते. व्याज, प्रॉपर्टी टॅक्स आणि राज्याचा आयकर मिळून त्याच्या वर जेवढं जाईल, तेवढ्यावरच खरा फायदा. आपल्या उदाहरणातल्या नोकरदार जोडप्याला वर्षाला चार-पाच हजार वाचतील. चांगलंच आहे, पण त्या भरवशावर पन्नास हजारांनी मोठं घर घेऊ नये.

बँका निवडताना निदान तीन ठिकाणी अर्ज करा. दोन आठवड्यांच्या आत केलेल्या चौकश्या क्रेडिट स्कोअरसाठी साधारणपणे एकच धरल्या जातात. अर्ज पूर्ण झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत लोन एस्टिमेट नावाचा तीन पानी कागद मिळतो. तिन्ही कागद शेजारी ठेवून बँकेची स्वतःची फी आणि पॉइंट ताडून पाहा. एक पॉइंट म्हणजे कर्जाचा एक टक्का, आपल्याकडे ४,९६०. समजा त्याने व्याज पाव टक्का उतरलं, तर हप्ता ८१ डॉलरनी कमी होतो आणि पैसे वसूल व्हायला एकसष्ट महिने लागतात. पाच वर्षांत घर बदलायचं किंवा रिफायनान्स करायचं मनात असेल तर पॉइंटच्या वाटेला जाऊ नये.

क्लोजिंगच्या कमीत कमी तीन कामाचे दिवस आधी पाच पानी क्लोजिंग डिस्क्लोजर हातात येतं. ते लोन एस्टिमेटशी ओळ-ओळ ताडून पाहायला एक संध्याकाळ राखून ठेवा. पैसे वायरने पाठवायचे असतील तर ईमेलमध्ये आलेला खाते क्रमांक तसाच वापरू नका. वकिलाच्या ऑफिसला आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून तो पडताळा. "खाते बदलले आहे" अशी बनावट ईमेल पाठवून घर घेणाऱ्यांना लुबाडण्याचे प्रकार इथे सर्रास होतात, आणि गेलेली रक्कम क्वचितच परत येते. शेवटच्या वॉक-थ्रूला सगळे नळ सोडून, हीटर आणि एसी दोन्ही लावून पाहा. फ्रिज आणि वॉशर करारात लिहिले असतील तर ते जागेवर आहेत ना हेही पाहा. काही बिघाड दिसला तर तिथूनच वकिलाला फोन करा, कारण सह्या व्हायच्या आत पैसे अडवून ठेवता येतात.

पुढच्या अंकात: घर घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षातले खर्च, आणि विमा कोणता, किती.